बाबांच्या स्क्वाड्रनचा तांदूळ

माझे बाबा सामान बांधायला बसले की घरातल्या सगळ्यांना बाहेरची कामं आठवायची. मी मात्र अडकायची, कारण एक तर मी मुलगी, आणि दुसरं म्हणजे पोस्टात पार्सलच्या खिडकीवर नोकरीला. भिवापूरच्या मिरच्या पुण्याला माझ्या भावाकडे पाठवायच्या असल्या की बाबा आधी एक लहान पोतं घेत. ते पाऊण भरत, दाभणानं शिवत, मग एका मोठ्या पोत्यात घालून तेही शिवत. आतलं पोतं बाहेरच्यात सैल फिरलं पाहिजे, असा नियम. "घट्ट भरलं का फुटते," ते सांगत. "वरून पडलं का आतलं फुटते अन् बाहेरचं झेलते." मी म्हणायची, "बाबा, मिरच्या रेल्वेनं जाऊन राहिल्या, आभाळातून पडून नाही राहिल्या." यावर ते नुसते सुतळी ओढत राहायचे. माझ्या लग्नात गांधीबागेच्या बाजारातून घेतलेल्या साड्यासुद्धा अशाच दुहेरी गोणपाटात शिवून सासरी गेल्या होत्या. सासूबाईंनी पोतं हलवून पाहिलं आणि ज्वारी आली असं समजून ते कोठीत ठेवून दिलं.

ही बांधणी बाबा दुसऱ्या महायुद्धात शिकले. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. ब्रह्मदेशच्या सीमेवर इंग्रजांची फौज जपान्यांशी लढत होती. डोंगर, जंगल आणि चिखल, रस्त्यांचं नाव नाही. अशा ठिकाणी अडकलेल्या हजारो माणसांच्या पोटात अन्न घालायचं तर ते विमानातून टाकणं एवढाच मार्ग होता. म्हणून हवाईदलाची स्क्वाड्रनं डकोटा विमानं भरभरून दिवसातून कितीदा तरी उडायची, डोंगरातल्या एखाद्या मोकळ्या तुकड्यावर घिरट्या घालायची आणि दारातून सामान ढकलून परतायची. दारूगोळा पॅराशूटनं जायचा, तांदूळ नुसताच टाकायचा. म्हणून गोणीत गोणी.

आता बाबांच्या तोंडून हे ऐकलं तर वाटायचं, विमान तेच चालवत होते. "आमचं स्क्वाड्रन" याशिवाय त्यांचं वाक्य सुरू व्हायचं नाही. खरं पाहिलं तर बाबा हवाईदलात नव्हतेच. विमानं आणि वैमानिक स्क्वाड्रनचे, पण सामान बांधणारी आणि ढकलणारी माणसं फौजेच्या पुरवठा कंपनीतली, आणि बाबा त्या कंपनीत. मी हे एकदा पुस्तकात वाचलं आणि जेवताना त्यांना ऐकवलं. "म्हणजे तुम्ही त्या स्क्वाड्रनचे हमाल होता." बाबा शांतपणे म्हणाले, "तांदूळ बांधते कोण? ढकलते कोण? मग पायलट काय करते? ड्रायव्हरकी." एवढं बोलून त्यांनी आणखी वरण मागितलं. ब्रह्मदेशची लढाई तांदळाने जिंकली, आणि तो तांदूळ पूर्व बंगालातल्या कोमिल्ल्याच्या धावपट्टीवरून गेला, यावर त्यांची श्रद्धा अढळ होती. सेनापतींबद्दल त्यांचं मत असं, की भले लोक होते बिचारे, भुकेले होते.

म्हातारपणी बाबा माझ्याकडे आले होते. आम्ही सोनेगाव विमानतळाच्या बाजूला एका फ्लॅट स्कीममध्ये राहत होतो. डोक्यावरून विमान गेलं की बाबा गॅलरीत येऊन मान वर करायचे आणि ते किती रिकामं चाललं आहे यावर नाराजी दाखवायचे. त्यांना गॅलरीत सोबत म्हणून शेजारच्या बंगाली मावशी होत्या. त्या बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान, फाळणीनंतर आईवडिलांबरोबर इकडे आलेल्या, मूळच्या कोमिल्ल्याकडच्या. हे कळलं त्या दिवशी बाबांना कोण आनंद झाला होता. "आपके गाँव का एरोड्रम हमारे स्क्वाड्रन के पास था," असं त्यांनी अगदी मालकाच्या थाटात सांगितलं. मावशी हसून "अच्छा" म्हणाल्या. पुढे सहा वर्षं दोघं गॅलरीत उभे राहून तिथल्या तळ्यांबद्दल आणि माशांबद्दल बोलत आले. बाबांना मासा काट्यासकट आवडायचा नाही, पण ऐकायला चालायचा. तांदळाचा विषय मात्र आमच्यासमोर गिरणीसारखा चालवणारे बाबा त्यांच्यासमोर कधी काढत नसत. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

बाबा नव्वदीला टेकले त्या वर्षी आमच्या स्कीमच्या लोकांनी ठरवलं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांचा सत्कार करायचा. स्कीमचे सेक्रेटरी निवृत्त प्राध्यापक. त्यांचा आवाज फार भारी आणि त्याची त्यांना पुरेपूर जाणीव. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, मानपत्र मी वाचतो. मजकूर तुम्ही द्या. काही कागदपत्रं आहेत का?"

कागदपत्र एकच होतं, बाबांच्या ट्रंकेत तळाशी ठेवलेलं फौजेतून सुटल्याचं पुस्तक. बाबा दुपारी झोपले असताना मी ते काढलं. शेवटच्या पानावर कुठल्याशा साहेबाने इंग्रजीत शेरा मारलेला होता. त्याचा अर्थ असा, की या माणसाची बांधणी उत्कृष्ट आहे, याने शिवलेली गोणी फुटत नाही. मला हसूही आलं आणि ऊरही भरून आला. आयुष्यभर ज्यावरून आम्ही बाबांची टर उडवली, त्याचंच हे सरकारी प्रमाणपत्र! शिवाय पार्सलच्या खिडकीवर पस्तीस वर्षं लोकांना "नीट बांधून आणा" म्हणून परत पाठवणारी मी. मला तर तो शेरा स्वतःच्याच गळ्यात हार घातल्यासारखा वाटला. मी तो मानपत्रात अगदी शेवटी टाकला, टाळ्या तिथेच पडाव्यात म्हणून.

संध्याकाळी बाबांना मजकूर वाचून दाखवला. बाकी सगळं त्यांनी मान डोलवत ऐकलं. शेवटचं वाक्य आलं आणि ते म्हणाले, "थे काढून टाक."

"काहून?"

"मले नाही पाहिजे."

"बाबा, सगळ्या मानपत्रात हीच एक ओळ खरी आहे, बाकीची भर मी घातलेली आहे. अन् नव्वदीत लाजून काय राहिले?"

"काढ म्हटलं ना वं."

मी काढली नाही. मला हट्ट चढला की मी कोणाचं ऐकत नाही, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबत तर मुळीच नाही. हा गुण बाबांचाच, असं आई म्हणायची. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवण वाढलं तर जेवत, चहा दिला तर घेत, पण तोंडातून शब्द नाही. मला वाटलं विनय आहे, निवळेल.

सव्वीस तारखेला सकाळी थंडी होती. खाली पार्किंगमध्ये गाड्या हलवून मंडप घातला होता आणि माइकची टकटक ऐकू येत होती. मी बाबांना कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि केस विंचरायला घेतले. तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बस. तुले सांगतो."

मी कंगवा हातात घेऊन बसले.

"तिकडं गेलो तेव्हा बंगालात दुष्काळ होता. पाऊस नव्हता असं नाही. तांदूळ होता, पण थो फौजेले जाऊन राहिला होता. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर माणसं बसून राहत. मागत नसत, नुसती बसत. अन् आम्ही आतमध्ये तांदळाच्या गोण्या शिवत होतो."

हे बाबांनी कधीच सांगितलं नव्हतं. आमच्या घरातल्या युद्धात आजवर चिखल, माकडं आणि वैमानिकांच्या फजित्याच होत्या.

"नियम असा, का भरताना फुटली गोणी तर थे विमानात चढवायची नाही. मातीत सांडलेला तांदूळ झाडून कुंपणाबाहेर टाकून द्यायचा. पहिली गोणी माह्या हातानं खरंच फुटली. सार्जंट लय ओरडला. मी झाडून बाहेर टाकला, तर एक बाई सूप घेऊन आली. माहेराला आल्यासारखी बसली अन् तिथंच पाखडू लागली. दुसऱ्या दिवशी मी टाके सैल घातले. तिसऱ्या दिवशी बी घातले. रोज एक गोणी. सात-आठ दिवस चाललं. थे बाई रोज यायची. माह्याकडे पाहायची बी नाही, पण तिले समजलं होतं."

"बाबा, हे तर—" मी म्हणाले. माझे डोळे भरून आले होते. माझ्या मनात मानपत्राचा नवा मजकूर तयारही होऊ लागला होता.

"थांब. पुढचं ऐक. मग सार्जंटनं सगळ्यांना उभं केलं. म्हणे, ज्याची गोणी फुटणार नाही त्याले विमानात पाठवू, सामान ढकलायले." बाबांनी मफलर सैल केला. "कन्हान नदीपलीकडच्या आपल्या गावात मले कोणी ओसरीवर बसू देत नव्हतं वं. पाणी वरून ओतत. अन् इथं गोरा साहेब म्हणते, विमानात बस."

आमचं घर छप्पनच्या दीक्षेनंतर बौद्ध झालं. त्याआधीच्या गावाबद्दल बाबा एवढंसुद्धा कधी बोलत नसत. मी गप्प बसले. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट होती.

"त्या दिवसापासून मी टाके घट्ट घातले. एक गोणी फुटली नाही. थे बाई चार दिवस सूप घेऊन कुंपणापाशी बसली. मले दिसून राहिली होती. पाचव्या दिवशी माहा नंबर लागला अन् मी वर गेलो. दारातून खाली कुंपणाकडे पाहिलं. वरून माणसं दिसतच नाहीत. मले बरं वाटलं. खरं सांगतो, लय बरं वाटलं. सहा महिने उडलो मी, तेवढा आनंद मले आयुष्यात झाला नाही. अन् थे बाई पुन्हा दिसली नाही. साहेबानं लिहून देलं, याची गोणी फुटत नाही."

ते एवढं बोलले आणि मला सगळं कळलं. निदान मला तसं वाटलं. मला भयंकर लाज वाटली. ती ओळ मी टाळ्यांसाठी शेवटी ठेवली होती. मी ताडकन उठले. "मी आत्ता जाऊन काढून टाकते."

"अवं थांब जराशी, ऐक तर, मी असं म्हणून राहिलो का—"

मी ऐकलं नाही. लिफ्टची वाट न पाहता चार मजले जिन्याने उतरले. बाबांना मावशी सावकाश घेऊन येतील, हे ठरलेलंच होतं.

सेक्रेटरी मंडपाच्या कोपऱ्यात माइककडे पाठ करून मानपत्राचा सराव करत होते. नेमकी तीच ओळ. "याने शिवलेली गोणी... फुटत... नाही." दर शब्दानंतर थांबत होते.

"ही ओळ काढा," मी म्हणाले.

"अहो ताई! हा तर कळस आहे. मी इथे खर्ज लावणार आहे."

"खर्ज दुसरीकडे लावा."

"मानपत्राला शेवट नको का?"

पस्तीस वर्षं खिडकीमागे बसल्यावर माणसाला एक गोष्ट नक्की येते, ती म्हणजे समोरच्याच्या हातातला कागद काढून घेणं. मी तो घेतला, खालचा भाग घडी घालून फाडला आणि वरचा त्यांना परत दिला. ते आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात काहीतरी बोलले, म्हणून मला ऐकू आलं नाही.

बाबा आले. मावशींचा हात धरून, काठी टेकत, कोटाची सगळी बटणं लावून. मावशींना पहिल्या रांगेत बसवून ते मंचावर खुर्चीत बसले. झेंडा झाला, लाडू वाटले, आणि मानपत्र सुरू झालं. बाबांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांनी कानामागे तळवा धरला होता. सेक्रेटरींनी ब्रह्मदेश, डकोटा, पर्जन्य आणि पराक्रम हे सगळं खर्जात घेतलं. बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मजकूर संपत आला तसे त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि पाय मागे घेतले. ते उठायच्या तयारीत आहेत, हे मला तेव्हा कळलं. त्यांचे ओठही हलत होते.

मानपत्र संपलं. टाळ्या पडल्या. बाबा तसेच अर्धवट उठलेले. त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शाल आली, नारळ आला. "दोन शब्द बोला," म्हणून कोणीतरी माइक पुढे केला. बाबांनी तो घेतला आणि पहिल्या रांगेत मावशींकडे पाहिलं. मग "आभारी आहो" म्हणून खाली बसले.

वर आल्यावर मी विचारलं, "बाबा, काय झालं? ओळ काढली ना मी."

"काढली तू," ते म्हणाले. "मी तुले सांगून राहिलो होतो का राहू दे. त्यायले वाचू दे, मंग मी उभा राहून सांगतो, का हे असं असं होतं म्हणून. तुले सांगितलं अन् मले वाटलं, आता सांगता येते. थे ओळ आली असती तर मी बोललो असतो. थे आलीच नाही. मंग कुठून सुरू करू?"

"मग घरात सांगा सगळ्यांना. पुण्याला फोन लावते."

"तुमाले सांगून काय होते वं? तिकडचं माणूस पुढं बसलं होतं."

आयुष्यभर बाबांची वाक्यं मी मधेच तोडली. त्यातली बहुतेक तोडण्याच्याच लायकीची होती. पण हे एक वाक्य त्यांनी सत्तर वर्षं धरून ठेवलं होतं, आणि तेही मीच तोडलं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन पुरणाची डाळ उगाच दोनदा वाटली आणि रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बाबांनी पुन्हा कोट मागितला. मी न विचारता दिला. काठी टेकत ते शेजारच्या दारापर्यंत गेले. मी मागोमाग. "येऊ काय?" असं विचारल्यावर "ये, पण बोलू नको" असं त्यांनी बजावलं.

मावशींनी दार उघडलं. बाबा आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं, आपल्या हिंदीत, जिच्यात अर्धी मराठी. कुंपण, सूप, सैल टाके, सार्जंट, घट्ट टाके, चार दिवस. गावातल्या ओसरीचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. माझ्या जिभेवर ते आलं होतं, की मावशी, यांना विमान का हवं होतं ते तरी ऐका. पण बाबांनी ते मुद्दाम गाळलं होतं, म्हणून मी दात आवळून उभी राहिले.

मावशी दाराला हात टेकून ऐकत होत्या. बाबांचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "दादा, आप तब कितने के थे?"

"अठारा."

"मैं आठ की थी," मावशी म्हणाल्या. "हमारे घर से भी जाते थे वहाँ. माँ जाती थी."

बाबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. ती बाई मावशींची आई होती की नव्हती, हे दोघांनाही कळण्यासारखं नव्हतं. अशा कितीतरी बाया तिथे बसत असणार. बाबांनी विचारलं नाही आणि मावशींनीही आणखी काही सांगितलं नाही.

मग मावशी बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "अंदर आइए. बैठिए."

बाबा आत गेले आणि बसले. मावशींनी माफ केलं असं काही म्हटलं नाही. बाबांनीही माफी मागितली नव्हती.